रोग कामावर जडला, भरपाई कोण देणार?

यंत्रात बोट सापडले किंवा परातीवरून पडून पाय मोडला तर मालकाकडून भरपाई मिळते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण रुग्णाची सेवा करताना, गटार उपसताना किंवा जनावरांची देखभाल करताना एखादा संसर्गजन्य रोग जडला तर? कायद्याच्या दृष्टीने तोही अपघातच आहे. मात्र ही गोष्ट फार थोड्या कुटुंबांना माहीत असते आणि जेव्हा कळते, तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

मे २०१८ मध्ये केरळातील कोझिकोड जिल्ह्यात निपाह या विषाणूने हाहाकार माजविला होता. पेरांब्रा येथील तालुका रुग्णालयात लिनी नावाची एक परिचारिका काम करीत असे. नोकरी कायम नव्हती, कंत्राटी होती. तापाने फणफणलेल्या रुग्णांची शुश्रूषा करता करता तिलाच ताप आला. दुखणे साधे नाही, हे तिने ओळखले. दोन लहान मुलांना तिने आपल्या जवळ येऊ दिले नाही. बहारीनमध्ये नोकरी करणारा पती धावत परतला, पण फार वेळ सोबत मिळाली नाही. आता भेट होणे कठीण, मुलांना नीट सांभाळा, अशा आशयाची चिठ्ठी तिने पतीसाठी लिहून ठेवली. २१ मे २०१८ रोजी तिचा मृत्यू झाला. संसर्गाच्या भीतीने पार्थिव घरीसुद्धा नेता आले नाही.

साऱ्या देशाने त्या वेळी हळहळ व्यक्त केली. केरळ सरकारने दोन्ही मुलांसाठी प्रत्येकी दहा लाख रुपये आणि पतीला सरकारी नोकरी देण्याचा निर्णय घेतला. ते योग्यच झाले. पण येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्यांच्याविषयी वर्तमानपत्रात एक ओळही छापून येत नाही, त्यांचे काय? क्षयरोग्यांच्या वॉर्डात फरशी पुसणारी आया, रक्ताचे नमुने तपासणारा प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, पावसाळ्यात तुंबलेल्या नाल्यात उतरणारा सफाई कामगार, आजारी गायीची प्रसूती करणारा पशुवैद्यकीय सहायक. यांच्यापैकी कोणी अंथरूण धरले तर घरची मंडळी नशिबाला दोष देतात. दागिने मोडतात, कर्ज काढतात, मुलांची शाळा बंद करतात. आपला काही हक्क आहे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते.

डोळ्यात गेलेला जंतू

रोगाला अपघात मानण्याची कल्पना नवी नाही. तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे आणि तिची सुरुवात लोकरीच्या गाठोड्यातून झाली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील गिरण्यांत परदेशातून लोकर आणि जनावरांचे केस येत. ते हातांनी निवडणारे कामगार अचानक आजारी पडत आणि काही दिवसांत दगावत. ब्रॅडफर्ड शहरात या दुखण्याला ‘लोकर निवडणाऱ्यांचा रोग’ असेच नाव पडले होते. हा रोग म्हणजे अँथ्रॅक्स, आपल्याकडे ज्याला काळपुळी म्हणतात तो. रोगाने मेलेल्या जनावराच्या केसांतून त्याचे जंतू कामगारापर्यंत पोहोचत.

इंग्लंडमध्ये १८९७ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. त्यात भरपाई होती ती अपघाताने झालेल्या इजेला. रोगाचा उल्लेख नव्हता. पुढे किडरमिन्स्टर येथील गालिच्यांच्या एका कारखान्यात लोकर निवडणाऱ्या टर्वी नावाच्या कामगाराला अँथ्रॅक्स होऊन मृत्यू आला. लोकरीतील जंतू त्याच्या डोळ्यात गेला होता. मालकाच्या बाजूने म्हणणे मांडले गेले की हा रोग आहे, अपघात नव्हे. प्रकरण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत पोहोचले. १९०५ साली ‘ब्रिंटन्स विरुद्ध टर्वी’ या खटल्यात बहुमताने निकाल लागला की हा अपघातच होय.

यामागचा विचार साधा आहे. लोखंड घासताना कण उडून डोळ्यात गेला आणि डोळा निकामी झाला, तर त्याला सगळे अपघात म्हणतात. मग कामाच्याच वस्तूतून उडालेला जंतू डोळ्यात गेला तर तो अपघात का नव्हे? कण डोळ्यांना दिसतो आणि जंतू दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

पुढच्याच वर्षी, १९०६ साली, इंग्लंडच्या कायद्यात अँथ्रॅक्ससह सहा व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली गेली. प्रत्येक विधवेने न्यायालयात जाऊन रोग हा अपघात असल्याचे पहिल्यापासून सिद्ध करण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

आपल्याकडचा कायदा

भारतात कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ साली संमत झाला आणि १ जुलै १९२४ पासून अमलात आला. सुरुवातीपासूनच त्यात लोकर, केस आणि कातडी हाताळणाऱ्यांना होणाऱ्या अँथ्रॅक्सचा समावेश होता. कालांतराने यादी वाढत गेली. २०१० साली कायद्याचे नाव बदलून ‘कर्मचारी नुकसानभरपाई कायदा’ झाले. आता हा कायदा आणि १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, दोन्ही ‘सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०’ मध्ये सामावले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. नाव बदलले, कलमांचे क्रमांक बदलले, परंतु मूळ तत्त्व तेच राहिले.

संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोगांची यादी आहे. तिच्या ‘अ’ भागात पहिल्याच क्रमांकावर संसर्गजन्य आणि परोपजीवी रोग आहेत. आरोग्यसेवेचे किंवा प्रयोगशाळेचे काम, पशुवैद्यकीय काम, जनावरे किंवा त्यांचे मृतदेह व त्यांपासून दूषित झालेला माल हाताळण्याचे काम आणि संसर्गाचा विशेष धोका असलेले इतर काम, असे चार प्रकार तेथे सांगितले आहेत.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, या यादीत रोगांची नावे एकेक करून दिलेली नाहीत. क्षय असो, कावीळ असो, लेप्टोस्पायरोसिस असो की उद्या येणारा एखादा नवाच रोग असो, काम धोक्याचे आणि रोग त्या कामातून जडलेला असला की पुरे. दुसरी गोष्ट नोकरीच्या मुदतीची. ‘ब’ भागातील रोगांसाठी किमान सहा महिन्यांची सलग नोकरी लागते. ‘अ’ भागातील रोगांसाठी अशी अट नाही. कामाला लागून आठवडा झालेल्या मुलीलाही संसर्ग झाला, तर तिचा हक्क डावलता येत नाही.

‘हा ताप तुम्ही घरून आणलात!’

समजा, एका खासगी रुग्णालयात आया म्हणून काम करणाऱ्या बाईंना क्षय झाला. त्या व्यवस्थापकांकडे गेल्या, तर उत्तर काय मिळेल? “बाई, क्षय काय आमच्याकडेच होतो? तुमच्या चाळीत होत नाही?” बाई निमूटपणे घरी परततील.

खरे तर अशा वेळी कायदा बाईंच्या बाजूने उभा असतो. यादीतील काम करणाऱ्याला यादीतील रोग जडला, तर तो कामातूनच झाला असे गृहीत धरले जाते. तसे नाही, हे दाखविण्याची जबाबदारी मालकावर येते. यादीत न बसणाऱ्या रोगाच्या बाबतीत मात्र कामावरील एखाद्या विशिष्ट घटनेमुळेच तो झाला, हे कर्मचाऱ्यालाच सिद्ध करावे लागते.

अर्थात केवळ गृहीतकावर विसंबून चालत नाही. क्षय, कावीळ यांसारखे रोग बाहेरही होतात आणि मालकाचे वकील नेमके तेवढेच धरून बसतात. शिवाय रोग लगेच प्रकट होत नाही. लेप्टोची लक्षणे साधारण एक ते दोन आठवड्यांत दिसतात. ‘ब’ प्रकारच्या काविळीला काही महिने लागू शकतात. क्षयाचा जंतू तर कधी कधी वर्षानुवर्षे शरीरात दबून राहतो. तोवर कोणत्या दिवशी कोणत्या वॉर्डात ड्यूटी होती, हे कोणाच्या लक्षात राहते? म्हणूनच कागदाला महत्त्व येते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे टोचलेली सुई. रुग्णाला इंजेक्शन देऊन झाल्यावर घाईत सुई बोटाला लागते. परिचारिका बोट धुते आणि पुढच्या रुग्णाकडे वळते. पण तो रुग्ण ‘ब’ काविळीचा वाहक असेल आणि परिचारिकेने लस घेतलेली नसेल, तर संसर्गाची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. ‘क’ काविळीच्या बाबतीत ती याहून बरीच कमी आणि एचआयव्हीच्या बाबतीत हजारात सुमारे तीन असते.

सुई लागल्यावर त्याच दिवशी नोंदवहीत घटना लिहून रक्ताची तपासणी केली, तर त्या तपासणीत रक्त निर्दोष निघते. काही महिन्यांनी तेच रक्त दूषित निघाले, तर संसर्ग मधल्या काळात झाला, हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज राहत नाही. ती पहिली तपासणी केलीच नसेल, तर मात्र ‘हा रोग तुम्हाला आधीपासूनच होता’ असे म्हणायला मालक मोकळा होतो.

रक्कम किती?

भरपाईचा हिशेब वय आणि वेतन यांवरून होतो. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास ५० ऐवजी ६० टक्के रक्कम धरतात. हा गुणक वयाच्या तिसाव्या वर्षी २०७.९८ आणि पंचेचाळिसाव्या वर्षी १६९.४४ आहे.

हिशेबात वेतन किती धरायचे, याला मर्यादा असते. २०१० साली ठरलेली ८ हजारांची मर्यादा २०२० साली १५ हजारांवर नेण्यात आली. १५ हजार वेतन धरले तर तीस वर्षांच्या कर्मचाऱ्याच्या मृत्यूबद्दल साडेसात हजार गुणिले २०७.९८, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. वय पंचेचाळीस असेल, तर हीच रक्कम १२ लाख ७० हजार ८०० रुपये होते.

आजारातून माणूस बरा झाला, पण काही महिने कामावर जाऊ शकला नाही, तर त्या काळासाठी दर पंधरवड्याला वेतनाच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम देय असते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्चही मागता येतो. पैसे देय झाल्यापासून महिनाभरात मालकाने ते दिले नाहीत, तर १२ टक्के व्याज लागते आणि टाळाटाळीला सबळ कारण नसेल, तर थकीत रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड होऊ शकतो.

विम्याचे कार्ड असेल तर

दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांतील ठरावीक वेतनापर्यंतचे कर्मचारी राज्य विमा योजनेत येतात. २०१७ साली ही वेतनमर्यादा २१ हजार रुपये करण्यात आली. अशा कर्मचाऱ्याला मालकाकडे नव्हे, विमा महामंडळाकडे मागणी करावी लागते. एकाच आजारासाठी दोन्हीकडून पैसे घेता येत नाहीत.

विम्याची वाट पुष्कळदा अधिक सोयीची असते. साध्या आजारपणात वेतनाच्या ७० टक्के आणि तेही वर्षात ९१ दिवसांपर्यंतच मिळतात. रोग कामातून जडला हे मान्य झाले, तर ९० टक्के दराने अपंगत्वाचा लाभ मिळतो आणि त्यासाठी अमुक दिवस वर्गणी भरलेली असावी, अशी अट नसते. मृत्यू झाल्यास विधवा, मुले आणि इतर अवलंबितांना दरमहा निवृत्तिवेतनासारखी रक्कम चालू होते.

अडचण अशी की, दवाखान्यात गेल्यावर कर्मचारी नुसते ‘ताप येतो’ एवढेच सांगतो. आपण कोणते काम करतो, हे सांगत नाही. डॉक्टरही साधा आजार म्हणून नोंद करतात आणि नव्वदचे सत्तर होतात. सरकारी सेवेतील कायम कर्मचाऱ्यांना मात्र त्यांचे सेवानियम लागू असतात. त्यांच्या कुटुंबीयांनी कार्यालयातील आस्थापना शाखेत असाधारण निवृत्तिवेतनाविषयी अवश्य विचारावे.

कोविडने काय शिकविले?

कोविडच्या साथीत हा सारा विषय प्रथमच घराघरांत पोहोचला. ३० मार्च २०२० पासून केंद्र सरकारने कोविड रुग्णांच्या सेवेतील सुमारे २२ लाख आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचा विमा लागू केला. त्यात आशा स्वयंसेविका, कंत्राटी व रोजंदारीवरील कर्मचारी यांनाही स्थान होते. राज्य विमा महामंडळानेही आपल्या विमाधारकांच्या कुटुंबांसाठी वेगळी योजना आणली. तीत संसर्ग कामावरच झाला, हे दाखवावे लागत नव्हते.

तरीही अनेक दावे अडले. मृत व्यक्तीची ड्यूटी कोविड रुग्णांशी संबंधित होती, असा दाखला कार्यालयाकडून वेळेवर मिळाला नाही. तपासणीचा अहवाल सापडला नाही. खासगी दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांची सेवा सरकारने मागितली होती की नाही, असा वाद निघाला आणि काही कुटुंबांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. साथीपुरत्या योजना साथीबरोबर संपतात. कायमचा आधार असतो तो कायद्याचाच.

घरच्या मंडळींनी काय करावे?

आजाराच्या धावपळीत कागदपत्रांचे भान राहत नाही. म्हणून पुढील गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या.

● कामावर सुई टोचली, रक्त डोळ्यात उडाले, घाण पाण्यात जखम झाली, तर त्याच दिवशी लेखी कळवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. मालक पोच देत नसेल, तर रजिस्टर पोस्टाने पाठवा.

● डॉक्टरांना कामाचे स्वरूप स्पष्ट सांगा आणि ते केसपेपरवर लिहून घेण्याचा आग्रह धरा.

● ड्यूटीचे वेळापत्रक, हजेरी, पगाराची पावती, ओळखपत्र यांच्या प्रती घरी ठेवा. सहकाऱ्यांपैकी आणखी कोणाला तोच आजार झाला असेल, तर त्याची माहिती ठेवा.

● मागणी दोन वर्षांच्या आत करावी लागते. रोगाच्या बाबतीत ज्या दिवसापासून आजारामुळे सलग कामावर जाता आले नाही, तो पहिला दिवस अपघाताचा दिवस धरतात. योग्य कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

● ‘माझी काही मागणी नाही’ अशा कागदावर सही करू नका. केली असली, तरी घाबरू नका. कायद्याने मिळालेला हक्क सोडून देणारा करार ग्राह्य धरला जात नाही.

● मृत्यूबद्दलची भरपाई मालकाने परस्पर घरी आणून द्यायची नसते. ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते. पूर्वी हे काम कामगार नुकसानभरपाई आयुक्त पाहत. विधवा आणि लहान मुले यांच्या वाट्याचे पैसे इतर कोणी लाटू नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

● ‘तुम्ही आमचे नाही, कंत्राटदाराचे माणूस’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. आपल्या नेहमीच्या कामासाठी ज्याने कंत्राट दिले, त्या मुख्य मालकाकडेही भरपाई मागता येते. नंतर ती कंत्राटदाराकडून वसूल करणे, हे त्याचे काम.

रोगच होऊ नये म्हणून

भरपाई कितीही मिळाली, तरी गेलेले माणूस परत येत नाही. म्हणून संरक्षण मागणे, हा पहिला हक्क आहे. जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ‘ब’ कावीळ आणि धनुर्वात यांच्या लसी देणे, दरवर्षी आरोग्यतपासणी करणे आणि वापरलेल्या सुया न टोचणाऱ्या घट्ट डब्यात टाकण्याची सोय करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. एचआयव्हीविषयक २०१७ च्या कायद्यानुसार धोक्याच्या कामावरील कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने आणि संसर्गाची शंका येताच द्यावयाची औषधे पुरविणे, ही मालकाची जबाबदारी आहे. ही औषधे ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. संकोचापोटी घटना लपविली, तर ही मुदत हातची जाते.

सफाई कामगारांसाठी गमबूट आणि हातमोजे ही चैन नव्हे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी पायाच्या छोट्याशा चिरेतून लेप्टोचे जंतू शरीरात सोडते. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईने त्याचा कटू अनुभव घेतला आहे. जगभर या प्रश्नाची दखल घेतली जात आहे. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने कामाच्या ठिकाणच्या जैविक धोक्यांविषयी स्वतंत्र करार, क्रमांक १९२, संमत केला.

पण करार आणि कायदे कागदावरच राहतात, जोवर घरातले कोणीतरी उठून त्यांचा उपयोग करीत नाही. घरातून कोणी रोज रुग्णालयात, प्रयोगशाळेत, गोठ्यात किंवा नाल्यावर कामाला जात असेल, तर आज संध्याकाळी त्यांना एवढेच विचारा, ‘काविळीची लस घेतली का? तुमच्याकडे अपघाताची नोंदवही आहे का?’ दोन्हीची उत्तरे ‘नाही’ आली, तर उद्याच कामावर ती मागायला सांगा. आजार दाराशी येण्यापूर्वी विचारलेला हा प्रश्न पुढे एखादे घर सावरू शकतो.